वर नेणारे साप

आमच्या प्रकाशनाचं एक गुळगुळीत माहितीपत्रक हल्ली निघतं. त्याच्या पहिल्याच पानावर छापलेलं आहे की, ‘बालमनाचा सखोल अभ्यास करून’ आमच्या संस्थेनं पुस्तकांच्या जोडीला शैक्षणिक खेळ काढायला सुरुवात केली. हे वाक्य माझ्या धाकट्या मुलाचं. तो ते पाहुण्यांना वाचून दाखवतो तेव्हा मी छताकडे पाहतो. बालमनाचा अभ्यास म्हणाल, तर मी इंटरला गणितात नापास झालो होतो, आणि नापास झालेल्या पोराच्या मनाचा अभ्यास त्या काळात घरोघर वहाणेनं होत असे. तेवढाच काय तो अभ्यास. बाकी जे झालं ते कडक ऊन, आखाजीचा सण, माझी घाई आणि थोरल्या बहिणीचा आगाऊपणा यांच्या मिश्रणातून झालं. पण असं माहितीपत्रकात छापता येत नाही, म्हणून इथं लिहितो.

आमचा छापखाना जळगावात दाणाबाजारामागच्या बोळात होता. पुढे छापखाना आणि मागे घर, असं लोकांना सांगत असू. खरं म्हणजे छापखाना घरभर होता. देव्हाऱ्याशेजारी कागदाची रिमं, माळ्यावर कॅलेंडरांचे गठ्ठे, आणि आईच्या पिठाच्या डब्यावर हमखास एखादा शिशाचा ‘ळ’. पायानं चालवायचं ट्रेडल यंत्र होतं. त्याचं ‘खटाक्-खट, खटाक्-खट’ इतकं अंगात भिनलं होतं की ते थांबलं की शेजारची तान्ही मुलं झोपेतून उठून रडत. शाईचा, रॉकेलचा आणि फोडणीचा वास एकाच नाकानं घ्यायची आम्हाला सवय होती. नाना, म्हणजे माझे वडील, आरत्या, व्रतकथा, आखाजीच्या गाण्यांची पुस्तकं आणि भिंतीवरचं कॅलेंडर छापत. जत्रेत, बाजारात, पद्मालयाच्या गणपतीपाशी ती पुस्तकं विकली जात. नानांचं एक तत्त्व होतं: आपल्या यंत्रातून निघालेला कागद माणूस देवापाशी ठेवतो, पायाखाली नाही. त्यामुळे सिनेमाच्या जाहिरातीला सुद्धा ते ‘दुसरीकडे बघा’ म्हणत, आणि मग दिवसभर त्या दुसरीकडच्याला शिव्या देत.

मी नापास झाल्यावर माझ्या भवितव्याचा निकाल घरात फार चर्चा न होता लागला. धुळ्याला मामांची कापसाची वखार होती. तिथं काट्यावर उभं राहायचं, गाडीवानांशी वजनावरून भांडायचं आणि मामांच्या घरी राहायचं. मामा माणूस चांगला. पण त्यांच्या वखारीत श्वास घेतला की नाकात सरकी उगवते असं मला वाटे. शिवाय मला छापखाना सोडायचाच नव्हता. कोरा कागद यंत्राच्या जबड्यात जातो आणि बोलायला लागलेला बाहेर येतो, हे रोज बघायला मिळालं तर मला जगात आणखी काही नको होतं. हे नानांना सांगायची हिंमत नव्हती, म्हणून मी वेगळंच बोललो.

“नाना, आपण खेळ छापू या.”

“कसला खेळ?”

“सापशिडी. आखाजीला विकू.”

खान्देशाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं, की अक्षय्य तृतीया म्हणजे आमची आखाजी, आणि आखाजी म्हणजे आमची दिवाळीच. लेकी माहेरी येतात, निंबाच्या फांद्यांना झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. आणि पुरुष माणसं? वर्षभर पत्त्याला हात न लावणारी, कपाळाला गंध लावणारी माणसं त्या दिवशी पारावर बसून उघडपणे पत्ते कुटतात, पैसे लावतात, आणि कुणी काही म्हणत नाही. तो दिवस खेळाचा. सगळा मुलूख खेळायला बसतो आणि त्याला पत्त्यांशिवाय दुसरं काही मिळत नाही, हे माझ्या डोक्यात आलं. एवढं एक डोकं मी त्या वर्षी खरोखर चालवलं होतं.

नाना बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, “फासा माझ्या घरात येणार नाही. फासा म्हणजे जुगार.”

“फासा नको. चिंचोके देऊ.”

“आणि नुसते साप नि शिड्या नकोत. पूर्वी मोक्षपट असायचा तसा कर. शिडीच्या पायथ्याशी दान, सेवा, सत्य. सापाच्या तोंडाशी चोरी, लोभ, निंदा. पोरं खेळता खेळता शहाणी होतील.”

“होतील, नाना.”

“आखाजीच्या आत विकून दाखव. विकला तर राहा इथं. नाही तर सण झाल्यावरच्या सोमवारी धुळ्याची एसटी.”

मग काय विचारता! चौकटी मी स्वतः पितळी पट्ट्या लावून जुळवल्या. सापांचं चित्र माझंच, त्याचा ब्लॉक म्हणजे छपाईचा ठसा करणाऱ्यानं ते पाहून विचारलं, “ही गांडुळं आहेत का?” मी तिकडे लक्ष दिलं नाही. आई ओसरीवर बसून चिंचोके दगडावर घासून अर्धे करी. एका बाजूनं काळे, एका बाजूनं पांढरे. चार चिंचोक्यांची पुडी प्रत्येक पटाबरोबर जाणार होती. आई साक्रीकडची, तिची बोली अहिराणी. ती म्हणे, “बठ्ठा उन्हाळा चिंचोका घासामा गया मना. एवढ्यामा दोन घरना पापड व्हतात.” बठ्ठा म्हणजे सगळा. पण घासायची ती थांबत नसे. बाजारातले स्टेशनरीवाले शेठ, आमच्या कॅलेंडराचे जुने गिऱ्हाईक, त्यांनी सगळा माल दुकानात ठेवायचं कबूल केलं. फासा नाही म्हटल्यावर ते फारच खूश झाले. “हे आमच्या घरात पण चालेल,” म्हणाले.

आता ऊन. जळगावचं ऊन ज्यानं पाहिलं नाही त्याला आमची अडचण समजायची नाही. यंत्रावर शाई लावणारे रोलर तेव्हा सरस आणि गूळ आटवून ओतलेले असत. हिवाळ्यात ते दगड आणि वैशाखात शिरा. दुपार झाली की ते वितळून लोंबायला लागत आणि त्यांना मुंग्या लागत. म्हणून छपाई भल्या सकाळी, उन्हं चढायच्या आत उरकायची. आदल्या दिवशी काळ्या शाईत चौकटी, आकडे आणि शब्द छापून झाले. दुसऱ्या सकाळी त्यावर तांबड्या शाईत साप आणि शिड्या. नाना त्या दिवशी आरत्यांचे गठ्ठे घेऊन एरंडोलला गेले होते. मी पहिला कागद घातला, तपासला, उत्तम. मग चहा प्यायलो. चहा पिऊन आलो तर वाऱ्यानं कागद उडत होते, म्हणून सगळा ढीग उचलून यंत्राच्या दुसऱ्या बाजूला, भिंतीच्या आडोशाला ठेवला आणि तिकडून घालायला लागलो. ढीग फिरला म्हणजे कागदाचं डोकं आणि पाय यांची अदलाबदल झाली, हे माझ्या ध्यानात आलं नाही. मला घाई होती. रोलर मऊ पडत होते. मी पाय मारत होतो, गात होतो, आणि प्रत्येक कागद उलटा मारत होतो.

हे प्रथम दिसलं शेठांना. मी मोठ्या ऐटीत गठ्ठा त्यांच्या गादीवर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, पट उलगडला आणि त्यावरून बोट फिरवायला लागले. बोट थांबलं.

“अरे वसंता, हा साप खाली तोंड करून का बसलाय?”

मी वाकून पाहिलं. सगळ्या सापांची तोंडं तळाच्या ओळींत होती आणि शेपट्या वर, शंभराच्या आसपास.

“इथं लिहिलंय ‘दान’. आणि दानावर सापाचं तोंड. म्हणजे दान केलं की साप गिळणार. बरं, गिळून सोडतो कुठं? वर. ‘लोभ’मध्ये.” शेठांचं बोट आता शिडीवर गेलं. “आणि ही शिडी चढून माणूस जातो कुठं... ‘चोरी’!” त्यांनी चष्मा काढला. “अरे भाई, हे मी दुकानात ठेवलं तर उद्या लोक माझा तराजू तपासायला येतील.”

गठ्ठा पुन्हा डोक्यावर घेऊन घरी आलो. कागद संपला होता, नवा आणायला वेळ नव्हता, आखाजी दारात. नानांनी संध्याकाळी एक पट घेतला, अंगणात खाट टाकून बसले आणि एकटेच चिंचोके टाकून खेळायला लागले. खाली यायची सोयच नव्हती. शिडी वर नेई, सापही वर नेई. बघता बघता नाना शंभरावर पोचले.

“मोक्षाला गेलो,” ते म्हणाले. “वाटेत चोरी, लोभ आणि निंदा सगळं करून. या पटात सज्जनानं जगावं कसं ते तेवढं सांग.”

आईनं आतून आवाज दिला, “बठ्ठं वाया गयं का हो? जाऊ द्या. जेवी ल्या पहिले.”

“रद्दीत घाल,” नाना मला म्हणाले. “आणि ट्रंक काढून ठेव.” ओरडले असते तर बरं झालं असतं. नाना ओरडले की दुसऱ्या दिवशी विरघळत. शांत बोलले की ते शब्द शिशात ओतल्यासारखे पक्के. मी ट्रंक काढली. पण गठ्ठे रद्दीत घातले नाहीत. ते माळ्यावर टाकले. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. माझ्या पायांनी ते छापलं होतं, एवढंच.

आखाजीला कुसुमअक्का माहेरी आली. ती माझी थोरली बहीण, सोनगीरजवळच्या खेड्यात दिलेली. सासरी डोक्यावरचा पदर न ढळू देणारी बाई, पण आमच्या बोळाच्या तोंडाशी आली की तिथूनच तिचा आवाज घरात पोचे. सणाचं जेवण झालं. त्या मांड्यांची चव मला अजून आठवते: उलट्या खापरावर आईच्या हातानं पसरलेला, रुमालासारखा मांडा, आणि वाटीत न मावणारा आमरस. घरातले पुरुष पारावर पत्ते कुटायला गेले. बोळातल्या सगळ्या माहेरवाशिणी आमच्या अंगणातल्या निंबाखाली जमल्या. झोका एक आणि बसणाऱ्या दहा, तेव्हा उरलेल्यांना टेकायला काही हवं म्हणून अक्का माळ्यावर चढली आणि खाली टाकायला माझ्या पटांचा एक गठ्ठा घेऊन आली. मी उंबऱ्यात बसून डांगर, म्हणजे आमच्याकडचं खरबूज, खात होतो. खाली घालायच्या आधी एकीनं एक पट उलगडला.

“अगं कुसुम, ही तर सापशिडी. पण साप उलटे का?”

“आमच्या वश्यानं छापलीय. त्याचं सगळं उलटंच,” अक्का म्हणाली. बायका माझ्याकडे बघून खिदळल्या. मी डांगरात तोंड खुपसलं.

खेळायला बसल्या आणि खेळ लगेच संपला. पुन्हा बसल्या, पुन्हा संपला. “यात हरायचंच नाही होय? काय मजा?” एक जण म्हणाली. अक्कानं पट आपल्याकडे ओढला. बाईला नियम करायची फार हौस. सासरी तिला ती भागवता येत नसावी.

“असं करू,” ती म्हणाली. “सापाच्या तोंडात गेलीस की गाणं म्हणायचं. सगळं, नीट, न अडखळता. म्हटलंस तर साप खूश, शेपटीपर्यंत वर नेऊन सोडेल. अडलीस तर बस त्याच्या पोटात, पुढच्या पाळीपर्यंत.”

“आणि गाणं येत नसलं तर?”

“नवऱ्याचं नाव घे.”

त्यानंतर त्या अंगणात जो गोंधळ झाला तो विचारू नका. झोका रिकामा हलत राहिला. एक लाजाळू नवी नवरी पाळीमागून पाळी सापाच्या पोटात बसली, आणि बाकीच्या तिला ओरडत होत्या, “अगं, घे की नाव! साप पचवून टाकेल तुला!” शेवटी तिनं नाव घेतलं ते इतकं मोठ्यानं, की पारावरच्या तिच्या भावानं मान वळवून पाहिलं. आई स्वयंपाकघरातून अडलेल्यांना गाण्याच्या ओळी पुरवत होती, आणि अक्का “काकू, सांगायचं नाही!” म्हणून स्वतःच्याच आईला काकू म्हणत दम देत होती. मी डांगर खायचं विसरलो. मी बघत होतो की कुणाला वर जायची घाई नाही. सगळ्यांना सापाचं तोंड हवं होतं. तिथं आपल्याला काही येतं हे दाखवता येत होतं.

बायका पांगल्यावर मी अक्काला म्हटलं, “गाण्याच्या जागी पाढे घातले तर?”

“तुला कुठे पाढे येतात?”

“मला कशाला यायला हवेत? पोरांना यावेत. तू प्रश्न लिहून दे.”

अक्का सातवीपर्यंत शिकलेली, आणि वर्गात पहिली. शिक्षण थांबलं त्याचा राग तिनं त्या प्रश्नांत पुरेपूर काढला. पाढे होते, पांझरा कुठल्या नदीला मिळते हे होतं, आणि म्हाताऱ्यांना सुद्धा घाम फोडणारी औटकी होती. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. हल्लीच्या मुलांना तिचं नावही माहीत नसेल, आणि ती सुखी आहेत. दुसऱ्या सकाळी कामगारांना सुट्टी असताना मी एकट्यानं ते प्रश्न जुळवले आणि कॅलेंडराच्या कापून उरलेल्या पट्ट्यांवर छापले. नाना दारात येऊन उभे राहिले. पायात ट्रेडल, हातात पट्ट्या, कपाळावर शाई.

“सोमवारी जायचंय,” एवढंच म्हणाले.

“जाणारच आहे, नाना. मी कुठं नाही म्हटलं?”

सोमवारी मी धुळ्याच्या एसटीत बसलो. ट्रंकेत कपडे कमी आणि पट जास्त. मामांच्या वखारीच्या वाटेवर जेवढ्या शाळा लागतील तेवढ्यांत शिरायचं आणि मगच काट्यावर उभं राहायचं, असं ठरवूनच निघालो होतो. पहिल्या शाळेत शिपायानं “काय शे ट्रंकमा?” विचारलं, मी म्हटलं, “साप”. पुढचं संभाषण झालं नाही. दुसऱ्या शाळेत हेडमास्तर मुलांचे निकाल करत बसले होते, त्यांनी मान वर न करता हात हलवला. तिसरी शाळा सकाळचीच होती, परीक्षा संपलेल्या, मुलं नुसती कोंडलेली, आणि तिथले गुरुजी त्या गलक्यानं इतके बेजार झाले होते की कुणी खरे साप आणले असते तरी त्यांनी आत घेतले असते.

“खेळून दाखवा,” ते म्हणाले आणि मला चौथीच्या वर्गात जमिनीवर बसवलं. समोर दोन वेण्या घातलेली एक मुलगी आणि दोन मुलगे. भोवती सगळा वर्ग. चिंचोके पडले, आणि पहिल्याच झटक्यात सापानं गिळलं ते मलाच.

मुलीनं पट्टी उचलली. “तेरा सत्ते?”

आता खरं सांगतो, तेराचा पाढा मला ना तेव्हा आला, ना आता येतो. मी ऐटीत म्हटलं, “चौऱ्याण्णव.”

सगळा वर्ग छप्पर उडेल असा ओरडला, “एक्क्याण्णव!” मुलं नाचायला लागली. मिशा फुटलेला, ट्रंक घेऊन आलेला माणूस चुकला होता, आणि ते त्यांना येत होतं! पुढच्या पाळीला मी पुन्हा त्याच तोंडात. या वेळी अक्काची औटकी. मी गुरुजींकडे पाहिलं. ते म्हणाले, “सांगायचं नाही, असा नियम आहे ना?” ती मुलगी उत्तरं देत भराभर वर गेली आणि मी सापाच्या पोटात बसून राहिलो. शाळा सुटायची घंटा झाली. मामांकडचं जेवण थंड होत असणार. पण मी उठलो नाही. मला शंभरावर पोचायचं होतं. सापाच्या पोटातून उठून मी काट्यावर जाणार नव्हतो. आणि गंमत अशी की घंटा होऊनही पोरं उठली नाहीत. मागची मुलं मला उत्तर येईना म्हणून आपापसात पाढे म्हणायला लागली, आधी कुजबुजत, मग ताल धरून. ते ऐकून उत्तरं देत शेवटी मी शंभरावर टेकलो तेव्हा त्यांनी मला उचलायचा प्रयत्न केला.

गुरुजी खुर्चीवरून उठले. “पाढे म्हणा म्हणून मी वर्षभर छडी मोडली,” ते म्हणाले. “सापाची भीती घातली नाहीत हे फार चांगलं केलंत. उत्तर दिलं की वर नेतो, वा! आमच्या शाळेला द्या, आणि साक्रीकडचे मास्तर परवा बैठकीला येतायत, त्यांनाही मी दाखवतो. फक्त हे दान नि चोरी काढून टाका. आणि साप असेच ठेवा. कल्पना कुणाची?”

मी म्हणालो, “आमच्या घरातल्या मंडळींची.” माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत प्रामाणिक व्यावसायिक विधान होतं. त्यानंतर मी अशी विधानं टाळत आलो.

मामांकडे न जाताच उलट्या एसटीनं परतलो. नाना छापखान्याच्या पायरीवर बसले होते. ट्रंक बघून त्यांनी भुवई वर केली. मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, मध्ये एकदाच त्यांनी विचारलं, “तुला किती उत्तरं आली?”

“एकही नाही. पोरांनी सांगितली.”

“हं.” पायरीवर त्यांनी पट पसरला. “दानावर साप राहणार?”

“शब्द काढायचेत. साप मात्र असेच हवेत म्हणाले.”

“म्हणजे आता मुद्दाम उलटं छापायचं.”

“हो.”

“ते तुला जमेल,” नाना म्हणाले. त्यांनी पटाची घडी घातली, उठले, धोतर झटकलं आणि आत जाता जाता दारात थांबले. “शाई वाळल्याशिवाय गठ्ठे बांधू नकोस. पुढच्या सोमवारी तूच पोचते कर. आणि मामाकडे जेवायला जा हं, वाट बघून कंटाळले असतील. जेवायलाच जा.”